शेजारच्या पेंटरचा त्रास

डायलिसिसच्या खोलीत माणसाला बघायला छताशिवाय काही नसतं. हात मशीनला जोडलेला, खुर्ची मागे कललेली आणि समोरचा टीव्ही कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी आवडीचा. मी छताकडे बघायचे आणि गप्प पडून राहायचे. माझ्या शेजारच्या खुर्चीतला पेंटर छताकडे बघायचा आणि बोलायचा.

"एकच हात मारलाय," तो म्हणायचा. "त्या कोपऱ्यात बघा, बाई. ओल आतून आलीय आणि वरून रंग फासलाय. सगळी लबाडी."

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

"कुणी विचारत नाही, म्हणून तर छतं अशी असतात."

जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस. माझ्याहून थोडा लहान, म्हणून मनात मी त्याला 'तो' म्हणते, तोंडावर 'तुम्ही'. मी स्वतः बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करण्याचं काम केलं, निवृत्त होईपर्यंत. त्यामुळे माझा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला आरामात पोचतो, आणि उशीर, गोंधळ आणि फुकटची बडबड या तीन गोष्टी मला सहन होत नाहीत. पेंटरकडे तिन्ही होत्या.

आमचं पहिलं भांडण पडद्यावरून झालं. खिडकी माझ्या बाजूला होती. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मला पडदा बंद हवा असायचा, आणि त्याला उघडा. "उजेडाशिवाय रंग कळत नाही," असं त्याचं म्हणणं. इथं कुठला रंग कळायचाय, माणसं सगळी पिवळी पडलेली, असं माझं. त्यावरून टेक्निशियन दिवसातून तीनदा पडदा सरकवायचा आणि शेवटी हात जोडायचा. पडदा झाला की पंखा, पंखा झाला की टीव्ही. तो बातम्यांवर बोलायचा, मी त्याच्यावर बोलायचे. आठवड्यातले तीन दिवस, सकाळच्या पाळीला, असं आमचं नियमित चाललेलं होतं.

आमच्या दोघांच्या वर एक सिस्टर होती. तिच्यापुढे आम्ही दोघंही मांजर. आल्याबरोबर ती वजन करायची. आमची मूत्रपिंडं काम करत नाहीत, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, आणि काट्यावर उभं राहिलं की चोरी पकडली जाते. "ओ बाई," ती ओरडायची, "काल काय विहिरीला तोंड लावलं होतं?" पेंटर हसायचा. मग त्याची पाळी. "आणि तुम्ही कशाला दात काढताय? तुम्ही तर टाकी रिकामी करून आलाय!" मग मी हसायचे.

तर अशा या खोलीत एक दिवस ती मुलगी आली.

सार्वजनिक आरोग्य शिकणारी, पाठीला पिशवी, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. रुग्णांना उपचारांखेरीज आणखी कशाची गरज असते, याचा तिचा अभ्यास होता. घरी कोण असतं, इथं कोण आणून सोडतं, परत कसे जाता, जेवण कोण करतं, मन मोकळं करायला कुणी आहे का, असे तिचे प्रश्न. मी तिचं नाव प्रश्नावली ठेवलं. तिला ते इतकं आवडलं की फोनवर तीच म्हणायची, "मावशी, मी प्रश्नावली बोलतेय."

मला ती मुलगी मनापासून आवडली, हे आधीच सांगून टाकते. इतकी वर्षं या इमारतीत सगळ्यांनी माझ्या रक्ताची चौकशी केली. 'सकाळी काय खाऊन निघालात?' हे विचारणारी ती पहिली. आणि नुसतं विचारून गप्प बसणारी नव्हे. कोपऱ्यातल्या खुर्चीतला एक शिंपी सारखा दांड्या मारायचा. सगळे त्याला बेफिकीर म्हणायचे. हिनं चौकशी केली तेव्हा कळलं, त्याला आणायला कुणी नाही आणि परतताना त्याला चक्कर येते. हिनं मागे लागून दवाखान्याची गाडी त्याच्या गल्लीपर्यंत सुरू करून घेतली. शिंपी सुतासारखा सरळ आला.

माझ्यापाशी आली तेव्हा तिनं सगळे प्रश्न विचारून झाल्यावर विचारलं, "उपचार चालू असताना तुम्हाला कशाचा त्रास होतो?"

मी जरा मोठ्यानं, म्हणजे शेजारी ऐकू जाईल असं सांगितलं, "शेजारच्या पेंटरचा."

"म्हणजे नक्की कसा?"

"तोंडाचा."

मग ती पेंटरकडे वळली. त्यानं प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "लिही," तो म्हणाला, "शेजारच्या बाईंचा. माणूस इथं उपचाराला येतो, कोर्टात नाही. आणि सिस्टर पण लिही. ती ओरडते."

"सिस्टर माझ्यावर पण ओरडते," मी म्हटलं. त्या एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं. दोघांनी मिळून सिस्टरविरुद्ध तक्रार नोंदवली आणि खूश होऊन पुन्हा पंख्यावरून भांडायला लागलो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्रश्नावलीनं प्रामाणिकपणे जे ऐकलं ते मांडलं. तिच्या सूचना दवाखान्याच्या बैठकीत वाचल्या गेल्या. त्यात दोन सूचना अशा होत्या की ज्यांना काही सामान आणावं लागत नव्हतं, भिंत पाडावी लागत नव्हती. एक, शेजाऱ्यांचं पटत नसेल तर रुग्णांच्या जागा बदलाव्यात. दोन, कर्मचाऱ्यांनी रुग्णांशी सौम्य आवाजात बोलावं. अशा सूचना कुणाला नको असतात? पुढच्याच आठवड्यात दोन्ही अमलात आल्या. पेंटरला दुपारच्या पाळीत टाकलं आणि सिस्टरला गोड बोलायला लावलं.

त्या सकाळी मी पडदा स्वतःच्या हातानं बंद करून घेतला आणि गड जिंकल्यासारखी आडवी झाले. शेजारी नवे गृहस्थ आले होते, बँकेतले निवृत्त अधिकारी. फार सभ्य माणूस. मी म्हटलं, "पडदा बंद असलेला बरा, नाही का?"

"अगदी बरोबर," ते म्हणाले.

"पंखा जरा कमी केला तर?"

"अवश्य. तुम्हाला हवा तसा."

"हा टीव्ही म्हणजे नुसता वैताग आहे."

"खरंय तुमचं."

आता यावर पुढे काय बोलणार? मी छताकडे बघितलं. त्या कोपऱ्यात ओल होती. मला वाटलं, मागच्या वेळेपेक्षा पसरलीय. सांगायला कुणी नव्हतं.

सिस्टरचं तर विचारूच नका. काट्यावर उभी राहिले, आकडा चांगलाच वर गेला होता. मी आपली खांदे आवळून ओरडा खायच्या तयारीत. ती मान तिरकी करून म्हणाली, "आजी, वजन थोडं वाढलंय हं. हरकत नाही, बघू या आपण."

आजी! कालपर्यंत मी बाई होते. हिनं एका रात्रीत माझं वय वाढवलं.

दिवस जायला लागले. मला डायलिसिसचा कंटाळा यायला लागला, जो आधी कधी आला नव्हता. वैताग यायचा, संताप यायचा, कंटाळा नाही. एकदा मी वेळ संपायच्या आधीच मशीन बंद करायला सांगितलं. सिस्टर गोड आवाजात म्हणाली, "तुमची इच्छा, आजी," आणि तिनं सही घेऊन सोडलं. घरी आले आणि उभ्या उभ्या भांडंभर पाणी प्यायले. कुणाला काय त्याचं? मुलगा दुसऱ्या शहरात. रविवारी फोन करतो, फार गुणाचा आहे. मी आजारी पडल्यापासून तो माझ्या प्रत्येक वाक्याला "हो आई" म्हणतो. पूर्वी आम्ही फोनवर तास तास वाद घालायचो. शेवटी कुणीतरी फोन आपटायचं आणि मग पुन्हा लावायचं. आता दोन मिनिटांत सगळं संपतं.

पेंटरच्या सुनेची आणि माझी गाठ पडली ती दवाखान्याच्या जिन्याजवळ. मी पाळी संपवून बाहेर पडत होते. ती डॉक्टरांना भेटून निघाली होती, भिंतीला टेकून उभी होती. ती दर वेळी त्याला आणून सोडायची, त्यामुळे माझ्या ओळखीची. अबोल पोरगी. आमची भांडणं चालू असताना डबा ठेवायची, ओठ दाबून हसायची आणि जायची.

"काय गं, पेंटर कसे आहेत? दुपारची माणसं वैतागली असतील," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा येत नाहीत आता, मावशी. आधी अर्ध्यावर उठून यायला लागले. गेला सबंध आठवडा आलेच नाहीत. म्हणतात, पुरे झालं."

"पुरे झालं म्हणजे?"

"म्हणजे पुरे झालं. डॉक्टर म्हणाले, आम्ही समजावू शकतो, जबरदस्ती करता येत नाही. पाय सुजलेत. आडवं झालं की श्वास लागतो, बसूनच झोपतात. डॉक्टर म्हणाले, असेच राहिले तर…" तिला पुढचं बोलता येईना.

बोलायची गरजही नव्हती. आमच्या खोलीतल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ असतं. मशीन थांबलं की अंगातलं पाणी छातीत चढतं आणि मग फार दिवस लागत नाहीत.

"अगं मग तुम्ही घरची माणसं काय करताय? दोन शब्द सुनवा ना त्यांना!"

"कसं सुनवणार? इतके आजारी आहेत. हे म्हणतात, बाबांना आता कशानंही दुखवायचं नाही. जे म्हणतील त्याला हो म्हणायचं." तिनं डोळे पुसले. "आम्ही सगळे हो म्हणतो, मावशी."

मी घरी आले आणि जेवले नाही. खरं सांगायचं तर मी रडले. तुझं माझं जमेना नि तुझ्यावाचून करमेना, ही म्हण मी शंभर जणांना ऐकवली असेन. ती आपल्याला लागू पडते तेव्हा तिच्यात गंमत बिलकूल नसते. मग दुसऱ्या दिवशी मी प्रश्नावलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

पलीकडून बारीक आवाज आला. "मावशी, हे माझ्यामुळे झालं."

"माझ्यामुळे पण झालं. आणि त्यांनी स्वतःपण हातभार लावलाय. वाटणी नंतर करू. उद्या माझा दिवस आहे. दवाखान्यात जायच्या आधी मी त्यांच्या घरी जाणार आहे. तू येणार आहेस का?"

"मला मध्ये पडता येत नाही हो. मी अभ्यास करणारी. मी तटस्थ राहायला हवं."

"अगं बये, तू मध्ये पडली आहेसच. आता निदान उठायला तरी ये."

ती म्हणाली, अभ्यासाच्या गाईडबाईंना विचारते. थोड्या वेळानं तिचा फोन आला. गाईडबाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, माणूस म्हणून जा, कागद बरोबर नेऊ नकोस.

सकाळी आम्ही रिक्षानं निघालो. वाटेत प्रश्नावली चष्मा पुसत बसली होती. पुसून पुसून काचा झिजतील असं वाटलं. मी तिचा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला.

पेंटरचं घर दुसऱ्या मजल्यावर. मुलानं दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि मी चाटच पडले. लोकांच्या छतांना नावं ठेवणाऱ्या माणसाच्या घरात एका भिंतीला एक रंग धड नव्हता. अर्धी भिंत पिवळी, अर्धी हिरवी, खिडकीखाली गुलाबी. जन्मभर लोकांच्या घरून उरलेले डबे आणून त्यानं घर रंगवलं होतं, डबा संपेल तिथं रंग संपलेला.

तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. पाय फुगून भांड्यांसारखे झाले होते. श्वास घेताना खांदे वर जात होते. मला बघून त्यानं नुसती मान हलवली. मला गोड बोलता येत नाही, मग जे येतं ते केलं.

"हे काय?" मी मोठ्यानं म्हटलं. "ही भिंत आहे की गोधडी? आणि आम्हाला छत शिकवत होता!"

मुलगाच म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, मावशी."

पेंटरनं हळूच माझ्याकडे बघितलं. "बघितलंत?" तो म्हणाला. दोन शब्दांमध्ये त्याला थांबावं लागत होतं. "तुम्ही माझ्या घराला नावं ठेवली. तरी माझा मुलगा हो म्हणतो."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"परवा मी म्हटलं, आज सोमवार," तो म्हणाला. "होता बुधवार. सगळे म्हणाले, हो बाबा. मी मुद्दाम म्हटलं, या खोलीला काळा रंग देऊ. म्हणाले, देऊ या ना. तिकडे दुपारी गेलो, तर दोन्ही बाजूंचे झोपलेले. सिस्टर विचारते, बाबा, दुखलं का हो? आधी म्हणायची, हात हलवलात तर बांधून ठेवीन. तेव्हा वाटायचं, हिला आपण जगायला हवे आहोत." त्यानं श्वास घेतला. "मेलेल्या माणसालाच फक्त कुणी उलट बोलत नाही, बाई. मग माझ्यात आणि त्याच्यात काय राहिलं? पुरे झालं आता."

प्रश्नावली खाली बघत होती. मुलानं तोंड फिरवलं. बसस्टँडवर गाडी दरीत गेल्याची बातमी आली तेव्हाही मी शब्द शोधत बसले नव्हते; लोकांना सांगितलं होतं. आज तोंड उघडलं आणि बंद केलं. कारण तो जे सांगत होता ते मला माहीत होतं. रविवारच्या दोन मिनिटांच्या फोनातून माहीत होतं.

तो माझ्याकडे बघत होता. बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आज तुमचा दिवस ना?" तो म्हणाला. "पाळी कधीच सुरू झाली असेल. तुम्ही इथं काय करताय?"

"तुम्हाला बघायला आलेय."

"मी काय नाटक आहे? आणि हे तोंड कशानं सुजलंय?"

"कुठं सुजलंय?"

"आरसा आहे का घरात? डोळ्यांखाली पिशव्या आल्यात. पाणी ढोसताय ना?" त्याचा आवाज चढायला लागला, मध्ये खोकला आला तरी थांबेना. "खरं सांगा! किती? आणि मशीनवरून लवकर पण उठता, हो ना? मला कळतं, मी तेच केलंय! अहो, एवढं वय झालं, अक्कल कधी येणार? मुलगा तिकडे, घरी एकट्या, रात्री श्वास लागला तर कुणाला हाक मारणार? भिंतींना?"

आणि मी रडायला लागले. चारचौघांत, परक्या घरात, हुंदके देऊन. किती तरी दिवसांनी मला कुणी रागावलं होतं. कुणाला तरी माझ्यावर चिडावंसं वाटलं होतं. ते इतकं बरं वाटलं की माझं मला आवरेना.

"तुमच्याशिवाय करमत नाही हो मला," मी म्हटलं. "ते साहेब नुसतं अगदी बरोबर, अगदी बरोबर करतात. वेड लागेल मला. तुम्हाला मरायचं असेल तर मरा, पण मग मी कुणाशी भांडू?"

पेंटरनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मुलगा धावला तर त्याला बाजूला सारलं.

"गाडी काढ," तो मुलाला म्हणाला. "या बाईंना मशीनवर बसवल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही. एकट्या सोडल्या तर वाटेत नळ बघतील आणि थांबतील."

"आणि तुम्ही?" प्रश्नावलीनं घाबरत विचारलं.

"तिथं गेल्यावर काय, बाहेर बाकावर बसू? मलाही जोडतील."

जिना उतरायला त्याला जन्म लागला. प्रत्येक पायरीवर थांबायचा, धापा टाकायचा आणि तेवढ्यात मला म्हणायचा, "सावकाश. पडाल." मी मागून म्हणायचे, "स्वतःचं बघा." सून दोघांच्या मध्ये, एक हात त्याला, एक हात मला.

दवाखान्यात सिस्टरनं त्याचे पाय बघितले. क्षणभर तिनं गोड बोलायचा प्रयत्न केला. तिचे ओठ हलले. मग तिचा बांध फुटला. "लाज नाही वाटत?" ती ओरडली. "हे काय पाय आहेत? आणि तुम्ही, बाई, तुम्ही कुठं उंडारत होता? घड्याळ बघितलंत? बसा! दोघं बसा! कुणी हललं तर बघून घेईन!" ओरडता ओरडता तिचे डोळे भरून आले होते आणि हात मात्र भराभर चालले होते. टेक्निशियननं राखीव मशीन लावलं. डॉक्टर धावत आले, नाकाला ऑक्सिजन लावला. पेंटर मशीनला जोडला गेला तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते. मला दुसऱ्या टोकाला बसवलं होतं. मी तिथून त्याची छाती वर-खाली होताना बघत राहिले, माझं मशीन संपेपर्यंत. संपता संपता त्याची धाप उतरली. मग मला झोप लागली.

प्रश्नावलीनं नंतर पुन्हा बैठक घेतली. या वेळी ती नुसत्या आमच्या तक्रारी घेऊन गेली नाही, स्वतःच डोकं चालवलं, आणि तेच बरं झालं. तिनं एक नवा प्रश्न घातला: शेजारची खुर्ची एक दिवस रिकामी दिसली, तर तुम्ही चौकशी कराल का? बैठकीत कुणीतरी म्हणालं, हा कसला प्रश्न. ती म्हणाली, याच प्रश्नाला 'हो' म्हणणारे त्रासाच्या यादीत त्याच शेजाऱ्याचं नाव सांगतात, आणि मी ते आधी विचारलं नव्हतं. चष्मा घसरला तरी तिनं तो वर केला नाही म्हणे. गाईडबाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मला माझ्या मुलीचा निकाल ऐकल्यासारखा आनंद झाला, आणि मला मुलगी नाही.

पेंटरची जागा पुन्हा सकाळच्या पाळीत लागली, माझ्या शेजारी. पण जागा लावणं आपल्या हातात असतं, येणं त्याच्या. एकदा माझ्या रडण्यामुळे आला. पुढच्या वेळी? दर वेळी काय मी रिक्षा करून रडायला जाऊ? साहेबांना खिडकीपासून लांबची जागा दिली होती. तेही त्यांनी "अगदी योग्य" म्हणून मान्य केलं होतं.

मी लवकर येऊन बसले. हात मशीनला जोडून झाला. बाजूची खुर्ची रिकामी. सिस्टर दाराकडे बघत होती. शिंपीसुद्धा मान उंच करून बघत होता. पाळी सुरू होऊन बराच वेळ गेला. मी मनात म्हटलं, नाही आला. डोळे मिटून घेतले.

मग दारात आवाज झाला.

पेंटर आला. सुनेच्या खांद्यावर हात, चालताना अजून झोक जात होता, पण चेहरा असा की जणू वरात घेऊन आलाय. उलट सूनच बिचारी रडून लाल झालेली. सिस्टरनं त्याला वजनकाट्यावर उभं केलं तेवढ्यात ती माझ्याजवळ आली आणि खाली वाकून कुजबुजली, "मावशी, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. सकाळी बाबा उठेनात. म्हणाले, पुरे झालं गं, राहू दे आज. आणि मी… मी त्यांचं पांघरूण ओढून फेकून दिलं. ओरडले त्यांच्यावर. लग्न होऊन आल्यापासून कधी वर मान करून बोलले नाही मी."

"काय ओरडलीस?"

तिला सांगवेना.

"सांग, सांग!" काट्यावरून पेंटर गरजला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "बाईंना सांग मला काय बोललीस ते! सगळ्यांना सांग!"

सगळे बघायला लागले. सुनेनं पदर तोंडाला लावला. मग अगदी हळू, पण त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी म्हटलं, तुम्हाला पुरे झालं असेल. मला नाही पुरला सासरा अजून. उठा."

पेंटर खुर्चीत येऊन बसला आणि त्यानं सुईसाठी हात पुढे केला.